लघवीतला फेस आणि खुब्यातली कळ

आज आपण लघवीबद्दल बोलणार आहोत. हसून घ्या. इयरफोन लावलेत ना, शेजारच्याला काही ऐकू जात नाहीये.

लघवी आणि खुबा. खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेत जिथे बसतं तो सांधा. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटत असेल तर सांगते, गेली काही वर्षं मी त्या संबंधातच राहतेय. मला ल्युपस आहे. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, डॉक्टर एसएलई म्हणतात. मी डॉक्टर नाही, बीटेक आहे, दिवसभर कोड लिहिते. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते ऐकून स्वतःची औषधं बदलायची नाहीत. डॉक्टरांना प्रश्न विचारायला मात्र वापरा, त्यासाठीच हा भाग आहे.

आधी थोडक्यात आजार. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी अँटिबॉडी बनवते. ल्युपसमध्ये ती आपल्याच पेशींच्या आतल्या मालाविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धसुद्धा अँटिबॉडी बनवायला लागते. दहा पेशंटपैकी साधारण नऊ बायका असतात, आणि बऱ्याच जणींना तो ऐन कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या वयात गाठतो. मला २०१८ मध्ये कळलं, बीटेकच्या शेवटच्या वर्षाला. बोटांचे सांधे सकाळी आखडायचे, केस गळायचे, उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टा. घरी सगळ्यांनी परीक्षेचं टेन्शन ठरवून टाकलं होतं. मग एएनए नावाची रक्ततपासणी झाली आणि विषय संपला. म्हणजे सुरू झाला.

आम्ही घणसोली गावात राहतो. हो, नवी मुंबईतलं घणसोली, पण सेक्टरवालं नाही, गावठाणातलं. बाबा माथाडी कामगार, वाशीच्या मार्केटला. मूळचे आम्ही पाटण तालुक्यातले. आमची गल्ली अशी की समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी खिडकीतून कोथिंबीर मागितली तर हातात देता येते. ही गल्ली पुढे हाडांच्या गोष्टीत परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आता किडनी. ल्युपसच्या पेशंटपैकी साधारण दहातल्या चौघांच्या किडनीवर कधी ना कधी आजार उतरतो. त्याला ल्युपस नेफ्रायटिस म्हणतात. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या अँटिबॉडींचे गठ्ठे या गाळण्यांमध्ये जाऊन अडकतात, तिथे सूज येते, आणि जे प्रोटीन रक्तात राहायला हवं ते लघवीतून गळायला लागतं. लघवीला साबणासारखा फेस येतो, तो याचाच. पुढे पाय सुजतात, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, बीपी वाढतं.

पण हे सगळं "पुढे". खरी गोची अशी आहे की सुरुवातीला काहीही दुखत नाही. किडनी दुखून सांगत नाही. आपल्याकडे "दुखलं की बघू" हा जो आरोग्यविभाग प्रत्येक घरात चालतो, तो इथे पूर्ण निकामी आहे. माझ्या फील्डमध्ये याला सायलेंट फेल्युअर म्हणतात. सर्व्हर चालू दिसतो, स्क्रीनवर सगळं हिरवं, आणि आत डेटा गळतोय.

२०१९ मध्ये माझी नेहमीची फॉलोअपची तपासणी होती. क्रिएटिनिन ०.८. एकदम नॉर्मल. आई रिपोर्ट बघून देवाला साखर ठेवायला उठलीच. पण त्याच कागदावर खाली लघवीच्या तपासणीत लिहिलं होतं, प्रोटीन तीन प्लस. डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली. (ती कॅन, बाथरूम चौघांत एक, आणि पाहुणे आलेले. त्याच्यावर वेगळा विनोदी एपिसोड होईल.) रिझल्ट आला २.१ ग्रॅम. निरोगी माणसाचं दिवसाला दीडशे मिलिग्रॅमच्या आत असतं. अर्ध्या ग्रॅमच्या वर टिकून राहिलं तर ल्युपसमध्ये बायोप्सीचा विचार करतात. मी चौपटीच्याही वर होते, आणि मला त्या आठवड्यात एकदम फ्रेश वाटत होतं.

क्रिएटिनिनबद्दल एवढं नक्की लक्षात ठेवा. किडनीचं साधारण निम्मं काम बंद पडेपर्यंत ते बऱ्याचदा नॉर्मलमध्येच दिसू शकतं. त्यामुळे "क्रिएटिनिन नॉर्मल आहे, किडनी ठीक आहे" हे वाक्य ल्युपसमध्ये अर्धवट आहे. लघवीची साधी रूटीन तपासणी आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, या दोन गोष्टी गल्लीतल्या कुठल्याही लॅबमध्ये होतात. एका पिझ्झ्याच्या आसपासच्या पैशात.

बायोप्सीला मी खूप घाबरले होते, म्हणून सांगते. पालथं झोपवतात, सोनोग्राफीत बघून पाठीत भूल देतात आणि स्टेपलरसारखा "टक्" आवाज होतो. मग कित्येक तास उताणं पडून राहायचं, रक्तस्राव होऊ नये म्हणून. त्रासदायक भाग तोच. तुकड्यावरून वर्ग ठरतो, एक ते सहा. तीन, चार आणि पाच या वर्गांना जोरदार औषधं लागतात. सहा म्हणजे गाळण्या जवळजवळ संपल्या. माझा वर्ग चार.

सेलेना गोमेझ तुम्हाला माहीतच आहे. तिला हाच आजार. २०१७ मध्ये तिची किडनी बदलावी लागली, मैत्रिणीने दिली. इतके पैसे, इतके डॉक्टर असून ही वेळ आली, यावरून आजाराची ताकद कळेल. मला मात्र तिच्याबद्दल वाचून धीरच आला, कारण नंतर ती परत कामाला लागली.

तर वर्ग चार म्हटल्यावर उपचार सुरू झाले. तीन दिवस सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज पाचशे मिलिग्रॅम. मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चाळीसपासून सुरू करून हळूहळू खाली. सोबत मायकोफिनोलेट, जे संरक्षण यंत्रणेला लगाम घालतं, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, जे मी आधीपासून घेत होते. सहा महिन्यांत प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या खाली आलं. स्टेरॉइडने माझी किडनी वाचवली. हे मी मुद्दाम ठळकपणे म्हणतेय, कारण यापुढे मी स्टेरॉइडबद्दल थोडं वाईट बोलणार आहे, आणि कुणीतरी तेवढाच तुकडा कापून फॅमिली ग्रुपवर टाकेल.

स्टेरॉइडचा इतिहास फार जुना नाही. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं, केंडल आणि रायखश्टाइन यांच्यासोबत. त्याआधी किडनीपर्यंत पोचलेला ल्युपस म्हणजे बहुतेकदा मृत्यूच. आणि त्याच काळात डॉक्टरांच्या हेही लक्षात यायला लागलं की हे औषध बिल लावतं. तोंड सुजतं, साखर वाढते, झोप जाते. हाडं ठिसूळ होतात, आणि कधी कधी हाडाचा एक तुकडा चक्क मरतो.

हाडांकडे जाण्याआधी २०२० ची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मुंबईचीही आहे. मार्चमध्ये आयसीएमआरने कोरोनापासून बचावासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन द्यायची शिफारस केली. बास. दोन दिवसांत सगळ्या देशाला हे नाव पाठ झालं. लोकांनी "असू दे घरात" म्हणून पाकिटंच्या पाकिटं उचलली. २५ मार्चला निर्यातबंदी आली, २६ मार्चला सरकारने ते औषध शेड्युल एच-वनमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि विक्रीची नोंद सक्तीची. मग ट्रम्पसाहेबांनी मागितलं, निर्यात थोडी उघडली. हे औषध बनवणारी इप्का ही मोठी कंपनी मुंबईचीच, आणि त्याच मुंबईच्या परिसरात ल्युपस आणि संधिवाताचे पेशंट "आहे का हो" म्हणत मेडिकल फिरत होते. माझे बाबा लॉकडाऊनमध्ये सायकलवरून ऐरोलीपर्यंत चार दुकानं करून आले. पाचव्याने एक स्ट्रिप दिली आणि वर विचारलं, "घरात कोरोना आहे का?"

पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलं की कोरोनाच्या पेशंटला त्याचा फायदा नाही. ल्युपसमध्ये मात्र ते पायाचं औषध आहे. आजार उसळणं कमी करतं, किडनीचं रक्षण करतं, आणि ते चालू असलं की स्टेरॉइड खाली आणायला मदत होते. म्हणजे हाडांचाही तो मित्रच. वजनाच्या दर किलोला पाच मिलिग्रॅमच्या आत डोस ठेवतात आणि डोळ्यांचा पडदा तपासत राहतात. हे औषध शरीरात कित्येक आठवडे टिकतं, त्यामुळे माझे अकरा दिवस बुडाले तरी निभावलं. सगळ्यांचं निभावलं असेल असं नाही.

आता हाडं. आधी गल्लीकडे परत चला.

ल्युपसमध्ये ऊन वर्ज्य. उन्हाने आजार उसळतो. आणि ड जीवनसत्त्व कातडीत बनायला ऊन लागतं. त्यात आमच्या घरात ऊन येतच नाही, दुपारीही ट्यूबलाइट. वर स्टेरॉइड, जे हाड बनवणाऱ्या पेशींना मंदावतं आणि कॅल्शियम बाहेर घालवतं. वर किडनी, जिचं एक काम असं आहे जे शाळेत कुणी नीट सांगत नाही: ड जीवनसत्त्वाला शेवटचा हात फिरवून ते कामाचं करणं. किडनी थकली की ते कामही थकतं. चारही बाजूंनी माझ्या हाडांची कोंडी. तेविसाव्या वर्षी डेक्सा स्कॅनला गेले तेव्हा रांगेत मी सोडून सगळ्या आज्ज्या होत्या. एकीने विचारलं, "कुणाबरोबर आलीस?"

हाडं विरळ होणं, ऑस्टिओपोरोसिस, हे एक. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, चालणं, गरज पडली तर औषध, यावर ते सांभाळता येतं. मला लागलं ते दुसरंच. एव्हीएन, म्हणजे एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल चेंडूसारखं असतं, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक आणि मोजक्या. स्टेरॉइडमुळे हाडाच्या आत चरबी वाढते, दाब वाढतो, रक्त गोठण्याकडे कल होतो, आणि तो पुरवठा तुटतो. चेंडूतला भाग मरतो. वेळेत कळलं नाही तर तो चेपतो, बसका होतो, मग खुबाच बदलावा लागतो. ल्युपस स्वतःही रक्तवाहिन्यांना त्रास देतो, त्यामुळे आम्हाला धोका दुप्पट. दारूनेही हे होतं. विदर्भात सिकलसेलच्या पेशंटना होतं, तिथे कारण वेगळं, मरणारा चेंडू तोच.

२०२१ चं वर्क फ्रॉम होम. आमच्याकडे टेबल नाही. जमिनीवर मांडी घालून, समोर पाटावर लॅपटॉप. जूनमध्ये डावी मांडी घालताना जांघेत कळ यायला लागली. मग गुडघ्यात. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हा त्याचा खोडसाळपणा. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. बसून बसून स्नायू आखडले असतील म्हणून पेनकिलर लिहून मिळालं.

इथे थांबा. ल्युपस नेफ्रायटिसचा पेशंट आणि पेनकिलर. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, त्या घराण्यातल्या सगळ्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. किडनी आधीच जखमी असेल तर त्या तिला आणखी खाली ढकलू शकतात. आमच्या घरात ही स्ट्रिप हळदीच्या डब्याशेजारी असते, कारण बाबांनी तीस वर्षं पोती उचललीत. आई म्हणाली, "एवढं कळवळतेस, अर्धी तरी घे पोरी." मी घेतली नाही, नेफ्रॉलॉजिस्टना फोटो पाठवला, त्यांनी तिथेच काट मारली. पॅरासिटामॉलवर राहिले.

आणि जुलैमध्ये बातमी आली. माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमध्ये कोरोनातून बरे झालेल्या तिघांना एव्हीएन झालं होतं. तिघे चाळिशीच्या आतले, तिघेही स्वतः डॉक्टर. तिथले डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये ते मांडलं. त्यातले दोन आकडे माझ्या डोक्यात बसले. या तिघांना मिळालेलं स्टेरॉइड सरासरी एकूण ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं होतं, आणि तोपर्यंत साधारण दोन हजारांच्या आसपास धोका मानला जायचा. दुसरं, दुखणं कोरोनाच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत सुरू झालं, एरवी सहा महिने ते वर्ष लागतं.

मी काय केलं असेल? एक्सेल उघडलं. (हसते) माझ्या २०१९ पासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. सलाइनमधलं औषध प्रेडनिसोलोनच्या मापात बदललं, चार मिलिग्रॅमला पाच, मग गोळ्यांची बेरीज केली. साडेपाच हजारांच्या वर. त्यानंतर रोज घेत होते ते पाच मिलिग्रॅम वेगळेच. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, मला एमआरआय हवाय.

डाव्या खुब्यात दुसरी पायरी. उजव्यात पहिली, जिथे मला काहीच दुखत नव्हतं. चेंडू दोन्हीकडे अजून गोल होता. एक्स-रे खोटं बोलला नव्हता, सुरुवातीच्या एव्हीएनमध्ये त्याला काही दिसतच नाही. एमआरआयला दिसतं. स्टेरॉइड घेतलेल्या, किंवा पूर्वी कधी बरंच घेतलेल्या माणसाच्या जांघेत दुखतंय, मांडी घालता येत नाहीये, तर नॉर्मल एक्स-रेवर समाधान मानू नका. मांडी घालून बसणं ही आपली घरगुती तपासणी आहे. खुर्चीवर जेवणाऱ्यांना हे उशिरा कळत असेल, असा माझा अंदाज आहे. जेवणाच्या पंगतीला याचं श्रेय द्यायला हरकत नाही.

डाव्या बाजूला कोअर डीकम्प्रेशन झालं. मांडीच्या बाजूने भोक पाडून चेंडूतला दाब कमी करतात, नवीन रक्तवाहिन्या यायला वाव मिळतो. पुढे सहा आठवडे कुबड्या. उजव्याला औषध की नुसतं लक्ष ठेवायचं, यावर चर्चा झाली. बिस्फॉस्फोनेट गटातलं औषध एव्हीएनला देण्याचं काम हिंदुजाच्याच टीमने बरीच वर्षं केलंय. सगळे डॉक्टर त्यावर एकमताचे नाहीत. शिवाय किडनीचं काम खूप कमी असेल तर ते देत नाहीत, आणि पुढे मूल हवं असलेल्या मुलींमध्ये विचार करूनच देतात. म्हणजे हाडाच्या औषधाचा निर्णय घ्यायला किडनीचा रिपोर्ट लागतो. आणि किडनीसाठीचं स्टेरॉइड किती ठेवायचं ते ठरवताना खुब्याचा एमआरआय.

आणि हॉस्पिटलात हे दोघे वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात! नेफ्रॉलॉजी तिकडे, ऑर्थोपेडिक इकडे, दोघांचे ओपीडीचे वार वेगळे. मधल्या जिन्यात फाइल घेऊन कुबड्यांवर मी. त्या दोघांना जोडणारा डॉक्टर म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. त्यांना गाठायला मला घणसोलीहून ठाणे, ठाण्याला ब्रिज चढून स्लो लोकल, आणि मग परळ असा प्रवास आहे. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, ल्युपसच्या अँटिबॉडींवर तिथे बरंच संशोधन झालंय. म्हणजे या आजाराची अक्कल आपल्या लोकल लाइनवरच आहे. तिथवर पोचायला हाफ डे टाकावा लागतो, एवढंच.

फाइलचं एक पान मी स्वतः बनवलंय. त्यावर तारीख, प्रोटीनचा रेशो, क्रिएटिनिन, सी-थ्री सी-फोर, बीपी, आणि आजपर्यंतचं एकूण स्टेरॉइड. शेवटचा रकाना डॉक्टर थांबून बघतात. एका हाडांच्या डॉक्टरांनी तो बघून लिहायला घेतलेलं पेनकिलर स्वतःहून खोडलं.

दोन गोष्टी पटकन. स्टेरॉइडची भीती वाटली म्हणून ते अचानक बंद करायचं नाही. बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरच कमी करतात, आणि आता धोरणही तेच आहे, शक्य तितक्या लवकर पाच मिलिग्रॅमपर्यंत किंवा खाली. दुसरं, सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही." अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं वेळोवेळी सापडलेलं आहे. दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला, तर शंका त्याचीच घ्या.

लग्नाबद्दल बऱ्याच जणींनी मेसेज केलेत. आमच्या आत्याचं म्हणणं, स्थळाला सांगायचं नाही, "दिसत तर नाही काही." मी पहिल्या भेटीतच सांगते. दोन स्थळं त्यावर गेली. पण यात नुसती प्रामाणिकपणाची बाब नाही. मायकोफिनोलेट चालू असताना गरोदर राहणं गर्भाला घातक आहे. ते किमान सहा आठवडे आधी थांबवून दुसऱ्या औषधावर जावं लागतं, आणि किडनी सहा महिने तरी शांत असावी लागते. हे लपवून लग्न करणाऱ्या मुलीने गोळ्या कुठे लपवायच्या आणि कोणाला विचारून बदलायच्या? आत्याकडे याचं उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "चहा घे."

सध्याची स्थिती विचारत असता म्हणून सांगते. प्रोटीन रेशो ०.३ च्या आसपास. प्रेडनिसोलोन अडीच मिलिग्रॅम. डावा खुबा चेपलेला नाही, पण पूर्ण मांडी घालता येत नाही, त्या बाजूचा पाय लांब करून बसते. उजवा अजून गप्प आहे, सहा महिन्यांनी त्याचा एमआरआय आहे. बाबांनी मार्केटमधून फळ्या आणून टेबल करून दिलंय. ते थोडं डुगडुगतं, रेकॉर्डिंगमध्ये मधेमधे जो आवाज येतो तो त्याचाच.

प्रश्न असतील तर पाठवा. रिपोर्टचे फोटो मात्र मला पाठवू नका, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या भागात.